बल्बचा काही दोष नाही

रत्नागिरीत दिवा लागेनासा झाला की माणसं आधी बल्ब बदलतात, मग स्विच बदलतात, मग महावितरणला शिव्या देतात आणि हे तिन्ही करून झाल्यावर होल्डरमामांना फोन करतात. मामांना हा क्रम पाठ आहे. म्हणून ते "काय झालं?" असं विचारतच नाहीत.

"किती बल्ब घातलेत?"

समोरचा जरा ओशाळून "तीन" म्हणतो.

"टाकून दिलेत?"

"हो."

"बरं," म्हणून मामा फोन ठेवतात. त्या 'बरं'मध्ये तीन निरपराध जीव हकनाक गेल्याचा सुतकी सूर असतो.

मामांचं खरं नाव त्यांच्या वीजबिलावर असेल. शिवाजीनगरापासून नाचणे रोडपर्यंत आणि खाली मांडवीपर्यंत ते सगळ्यांच्या मोबाइलमध्ये 'होल्डरमामा' याच नावाने आहेत. वय साठीच्या पलीकडचं, पण घोड्यावर चढताना ते पन्नाशीचे दिसतात आणि चहा पिताना सत्तरीचे. (घोडा म्हणजे मधोमध बिजागरी असलेली, फाकवून उभी करायची शिडी. शहरी वाचकांनी भलतं चित्र डोळ्यांपुढे आणू नये.) इतरांच्या खिशाला जिथे पेन असतं तिथे यांच्या खिशाला टेस्टर. आयटीआयमध्ये वायरमनचं शिक्षण, मग काही वर्षं मुंबई, मग परत गाव. या सगळ्या प्रवासातून त्यांनी एकच सिद्धान्त बरोबर आणला: बल्ब सहसा मरत नाही, त्याला होल्डर मारतो.

जगातल्या सगळ्या बिघाडांचं एकच कारण सापडलेला माणूस प्रत्येक गावात असतो. कुणाला सगळं पोटात दिसतं, कुणाला शनीत, कुणाला शेजाऱ्यात. मामांना होल्डरमध्ये दिसतं. फरक इतकाच, की मामा बहुतेक वेळा बरोबर निघतात. त्यामुळे त्यांची थट्टा करायची चैनही धड करता येत नाही.

आल्या आल्या ते बंद पडलेला बल्ब काढतात आणि यजमानाच्या हातात देतात. "धरा. जपून, चांगला आहे." मग पिशवीतून हातभर वायर निघते. तिच्या एका टोकाला टू-पिन, दुसऱ्या टोकाला चिनीमातीचा होल्डर. यजमानाने मेला म्हणून ठरवलेला बल्ब ते त्यात बसवतात, प्लग लावतात. बल्ब लख्ख पेटतो. या क्षणी मामा बल्बकडे बघतच नाहीत. ते यजमानाच्या तोंडाकडे बघतात. त्यांच्या मजुरीचा खरा हप्ता तिथे वसूल होतो. पुढचे पैसे ते "द्या काय ते" म्हणून घेतात आणि कमी दिले तर दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाहीत.

मग आरोपीची चौकशी. आपल्याकडचा जुना होल्डर पिनांचा. इंग्रज जिथे गेले तिथे पुष्कळ ठिकाणी तो ठेवून आले. अमेरिकेत आट्यांचा चालतो, आपल्याकडे दाबून फिरवायचा. त्याच्या आत पितळेच्या दोन पिना असतात आणि त्यांच्यामागे दोन बारीक स्प्रिंगा. या स्प्रिंगा बल्बच्या बुडाला घट्ट टेकल्या तर सगळं ठीक. पण वर्षानुवर्षं तापून त्यांचा जीव जातो, टेकणं सैल होतं, सैल जागी बारीक ठिणगी पडते, ठिणगीने काजळी धरते, काजळीने जागा आणखी तापते आणि तापल्याने स्प्रिंग आणखी सैल होते. मामा अंगठ्याने पिना दाबून बघतात आणि डोळे मिटतात. "जीव नाय राहिला," असं म्हणतात. घरातली माणसं क्षणभर घाबरून आजोबांच्या खोलीकडे बघतात.

त्यात हे गाव समुद्राचं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. स्वयंपाकघरातली बरणी जूनमध्ये हेच करते. भाट्याच्या खाडीवरून आलेलं मीठ होल्डरच्या पितळेवरही बसतं आणि तिथेही तेच करतं. सप्टेंबरपर्यंत पिनांवर हिरवा थर. "पुण्यात होल्डर वीस वर्षं जातो," मामा सांगतात. "इथे त्याला दर पावसाळ्याला दोन वर्षं धरा." हा हिशोब त्यांनी कुठून काढला, हे विचारायची सोय नाही.

पूर्वी हे सगळं डोळ्यांसमोर होतं. कौलारू घरात वाशावरून लाकडी पट्टी जायची, पट्टीतून वायर उतरायची आणि तिच्या टोकाला होल्डर उघडा लोंबकळायचा. तो काळा पडला की पोरालाही दिसायचा. पुढे चिऱ्याच्या घरांच्या जागी इमारती आल्या, इमारतींत फ्लॅट आले आणि फ्लॅटला पीओपीचं खोटं छत आलं. दिवे छतात गेले. दिव्याचं तोंड तेवढं खाली उरलं. होल्डर, वायर, जोड, सगळं वरच्या अंधारात पाली, उंदीर आणि कुंभारीण माशीच्या शेजारी जाऊन राहिलं. मामांच्या मते रत्नागिरीचं बिघडलं ते इथे. "जी वस्तू बिघडणार हे ठाऊक, तीच नेमकी झाकली," ते म्हणतात. मामांना इंटिरिअरवाल्यांबद्दल जितकं वाईट बोलता येतं, तितकं त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुणाबद्दल बोललेलं नाही. आणि पूर्वीच्या वायरमनबद्दलही. पण ते प्रत्येकच वायरमन बोलतो. घोड्याच्या दुसऱ्या पायरीवर गेल्यावर "हे कुणी केलंय?" असं विचारणं हा त्या धंद्यातला नमस्कार आहे. एकदा एका घरी मामांनी हा प्रश्न विचारला आणि घरातल्या वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच, मामा. वास्तुशांतीच्या वेळी." मामा खाली न बघता म्हणाले, "मग होल्डर त्यांनी आणून दिला असणार."

छतातल्या दिव्याला दोन बाजूंना स्प्रिंगचे कान असतात. ते मिटून धरून दिवा भोकात सारायचा आणि सोडायचं, की कान छताला आतून धरतात. काढताना मात्र ते बोटांना धरतात. या कानांनी चावा घेतला की मामांसारखा सौम्य माणूस एकच शब्द उच्चारतो. तो इथे छापता येणार नाही, पण घरातली लहान मुलं तो संध्याकाळपर्यंत पाठ करतात.

हॅलोजनच्या दिवसांत मामांचा सुवर्णकाळ होता. मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्यांनी बंगले बांधले आणि दिवाणखान्यात पन्नास-पन्नास वॅटचे सहा-सहा हॅलोजन लावले. त्यातल्या काचेच्या वाटीसारख्या बल्बची एक गंमत असते: त्याचा आरसा उजेड पुढे टाकतो आणि उष्णतेचा मोठा भाग मुद्दाम मागे सोडतो, म्हणजे खाली बसलेल्या पाहुण्याला ऊन लागू नये. मागे कोण आहे? होल्डर. पाहुण्याला सावली मिळावी म्हणून होल्डरला भट्टीत बसवणारा हा शोध मामांना माणसाच्या स्वभावाचा उत्तम नमुना वाटतो.

अशाच एका बंगल्यात पुण्याहून आलेला इंजिनिअर मुलगा त्यांना समजावायला लागला. "अहो काका, ही बारा व्होल्टची सिस्टीम आहे. मोटारसायकलच्या बॅटरीएवढी. यात होल्डर जळेल कशाला?"

मामा वरूनच म्हणाले, "वॉट किती?"

"पन्नास."

"बाराने भागा."

मुलाने मोबाइल काढला. "चार पूर्णांक सोळा."

"आता पन्नासाला दोनशे तीसने भागा."

"शून्य पूर्णांक बावीस."

"म्हणजे साध्या लाइनीवर पाव अँपिअरसुद्धा नाय आणि तुमच्या बारा व्होल्टला चारच्या वर. जवळजवळ एकोणीस पट करंट त्या दोन टाचणीएवढ्या पिनांतून जातो. आणि सैल जोडावरची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. एकोणीसचा वर्ग किती?"

"तीनशे एकसष्ट," मुलगा म्हणाला. हे त्याला मोबाइलशिवाय आलं. बाकी त्याला काही बोलता आलं नाही.

"हे तुम्हाला कॉलेजात शिकवतात, मला आयटीआयत शिकवलं. तिथे फी कमी होती," असं म्हणून मामांनी काळा पडलेला होल्डर खाली त्याच्या हातात टाकला. तो अजून गरम होता.

२०१५ च्या जानेवारीत उजाला योजना आली, घरोघर नऊ वॅटचे एलईडी बल्ब गेले आणि पुढे छतातल्या हॅलोजनच्या जागीही पाच-सात वॅटचे एलईडी आले. उष्णता कमी झाली. मामांचा धंदा बसणार, असं वाटलं होतं. पण लोकांनी बल्ब नवे घेतले आणि होल्डर तेच ठेवले, वर्षानुवर्षं भाजून निघालेले. नवा एलईडी त्यात लुकलुकायला लागला. दुकानात परत गेला, बदलून आला, परत लुकलुकला. कंपनीला दूषणं मिळाली, सरकारला मिळाली, चीनला मिळाली. छतातल्या त्या इवल्याशा आरोपीकडे कुणी वर मान करून बघितलं नाही.

मामांचा एक नियम मात्र मी मुकाट्याने मान्य केला आहे. पिना काळ्या पडलेला बल्ब नव्या होल्डरमध्ये घालायचा नाही आणि जळक्या होल्डरमध्ये नवा बल्ब घालायचा नाही. कारण एकाची खरखरीत, भाजलेली जागा दुसऱ्याला खराब करते. आणि छतातल्या होल्डरला येताना जी उष्णता सोसणारी सिलिकॉनची वायर असते, ती कापून तिथे साधी पीव्हीसी जोडायची नाही. साधी पीव्हीसी सत्तर अंशांपर्यंतची. वर हॅलोजनच्या पाठीशी ती दोन वर्षांत पापडासारखी मोडते. हे सगळं बाजारात दुकानदारालाही माहीत असतं. पण सुटा होल्डर विकून त्याला काय मिळणार? "होल्डर वेगळा येत नाही, पूर्ण फिटिंग घ्या," असं तो म्हणतो. मामा काउंटरवर हात टेकून उभे राहतात. बोलत नाहीत. मागचं गिऱ्हाईक खोकतं, त्याच्या मागचं घड्याळ बघतं. शेवटी दुकानदार आतल्या पोराला सांगतो, "दे रे त्यांना चिनीमातीचे, वरच्या खोक्यातले."

आता बांगड्याचं प्रकरण.

नाचण्याच्या एका सोसायटीत जुलै महिना होता. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी माळकरी. आषाढी नुकतीच झालेली, चातुर्मास लागलेला, आणि आजींच्या देवघरात रोज संध्याकाळी मासळीचा वास यायला लागला. आधी त्यांनी उदबत्ती दुप्पट केली. मग धूप जाळला. मग त्यांनी तिसऱ्या मजल्याकडे संशयाने बघायला सुरुवात केली, कारण तिथली मंडळी मिरकरवाड्याहून आठवड्यातून दोनदा मासळी आणतात हे जगजाहीर होतं. जिन्यात बोलणं बंद झालं. बरोबर आठव्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी तक्रार गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी 'आमच्याकडे चातुर्मासात नुसतं वरण-भात चालू आहे' असं लेखी उत्तर दिलं, आणि खाली 'वाटल्यास येऊन पातेली बघा' असंही लिहिलं. सेक्रेटरी बघायला गेले नाहीत, पण त्यांना जावंसं वाटत होतं, असं त्यांच्या घरचे सांगतात.

मामा आले होते ते भलत्याच कामाला, गॅलरीतल्या दिव्यासाठी. देवघरावरून जाताना थांबले. नाक वर केलं. मग त्यांनी आजींना विचारलं, "हा वास दिवा लावल्यावरच येतो काय?"

आजी म्हणाल्या, "संध्याकाळी येतो हो. तेव्हाच तळत असतील."

"काय तळतील? एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत मासेमारी बंद. बांगडा येणार कुठून? आणि सुकं असतं तर वास वेगळा आला असता." मासे न खाणाऱ्या घरात उभं राहून ओल्या आणि सुक्या बांगड्यातला भेद इतक्या शांतपणे सांगणारा माणूस आजींनी प्रथमच पाहिला असावा. मामांनी घोडा मागवला, देवघरावरचा दिवा खाली ओढला आणि होल्डर आजींच्या नाकापाशी धरला. आजी दोन पावलं मागे सरकल्या.

होल्डर आणि स्विच ज्या रेझिनचे करतात ते तापायला लागलं की त्याला हुबेहूब मासळीचा वास येतो. आगीच्या आधीची ही सूचना असते. जगभरच्या वायरमनांना हे ठाऊक आहे. पण इतर गावांत माणूस घरभर वास शोधत फिरतो, रत्नागिरीत तो सरळ शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. देवासमोर भरपूर उजेड हवा म्हणून आजींच्या मुलाने त्या छोट्या दिव्यात झेपेल त्याच्या दुप्पट वॅटचा बल्ब घातला होता. होल्डरचं बूड करपून एका बाजूला तडकलं होतं.

मामांनी निकाल दिला, "हा बांगडा नव्हे, हा होल्डर." हे वाक्य सोसायटीच्या पुढच्या सभेच्या इतिवृत्तात जसंच्या तसं आहे. दोन्ही मजल्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या मजल्याने मात्र पातेल्यांचं वाक्य मागे घेतलेलं नाही.

कामाच्या वेळी मामा कुणावर विश्वास ठेवत नाहीत. स्विचवर तर नाहीच. "स्विच बंद केलाय" असं सांगितलं तर ते टेस्टर लावतात, आणि पुष्कळदा टेस्टर पेटतो. कारण कुणीतरी कधीतरी स्विच न्यूट्रलवर मारलेला असतो: दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच उभी. म्हणून मामा थेट मेनकडे जातात. पूर्वी फ्यूजची चिनीमातीची किटकॅट काढून खिशात टाकायची सोय होती. मामा वर असेपर्यंत त्या घराची वीज त्यांच्या विजारीत असे. आता एमसीबी आली. ती पाडता येते, खिशात टाकता येत नाही, आणि खालून कुणीतरी "टीव्ही का बंद झाला?" म्हणत ती उचलू शकतं. यावर मामांनी उपाय काढलाय. घरातलं दहा-बारा वर्षांचं पोर पकडून ते बोर्डापाशी उभं करतात. "मी 'उचल' म्हणेपर्यंत ब्रह्मदेव आला तरी हात लावू द्यायचा नाय." त्या पोराने मग आपल्या आजोबांना पंखा लावू न दिल्याची उदाहरणं आहेत.

दोष बल्बचा नसतो, त्याला धरणाऱ्याचा असतो, हा सिद्धान्त मामांनी होल्डरपुरता ठेवला असता तर बरं झालं असतं. पण आंब्याच्या दिवसांत पेटीतला आंबा काळा निघाला की मामा फळाला दोष देत नाहीत. "देठ बघा. फळ देठाकडून कुजतं." बागायतदारही मान डोलावतात, कारण देठाकडून होणारी कूज हा त्यांच्याही डोक्याचा ताप आहे. ओळखीतलं एखादं लग्न मोडलं तर मामा म्हणतात, "दोघंही चांगली होती. धरणारं कुणी नव्हतं." मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडण्यावरही त्यांचं असंच एक मत आहे. ते मी इथे देत नाही, कारण त्यात होल्डर कुणाला म्हटलंय हे स्पष्ट होतं.

आणि बल्ब खरोखरच मेला असेल तर? असतोच कधी कधी. मामा तो हातातल्या चिनीमातीच्या होल्डरमध्ये घालतात, लागत नाही. पुसून घालतात, लागत नाही. होल्डर बदलून घालतात. मग कानाशी हलवून बघतात, आणि त्यांचा चेहरा एखादा जुना मित्र कोर्टात उलटल्यासारखा होतो. "बंद छतात कोंडून मेला," ते शेवटी सांगतात. "हवा नाय मिळाली. आतलं सर्किट भाजलं." हेही खोटं नसतं. पण आपला अशील दोषी निघाला तरी वकिलाने परिस्थितीकडे बोट दाखवावं, तसं ते असतं.

गेल्या वर्षी मात्र मामांवर खरं संकट आलं. साळवी स्टॉपजवळच्या एका नव्या फ्लॅटमध्ये छताला चपटे गोल पॅनेल लावले होते. त्यातला एक बंद पडला. मामा आले, पोर एमसीबीपाशी उभं केलं, घोड्यावर चढले आणि कान मिटून पॅनेल खाली घेतलं. उलटंपालटं करून बघितलं.

"याचा होल्डर कुठे?"

घरमालक तरुण होता. तो अगदी सहज म्हणाला, "मामा, यात होल्डर नसतोच. दिवा आणि फिटिंग एकच. बिघडला की टाकायचा, दुसरा लावायचा. मी मागवलाय पण, उद्या येईल."

मामा घोड्याच्या वरच्या पायरीवर बसले. बराच वेळ बसले. खालून वहिनींनी चहा विचारला, त्यांना ऐकू गेलं नाही. घरमालकाला वाटलं चक्कर आली. तो म्हणाला, "मामा, उतरा. राहू दे."

मामांनी चष्मा लावला. पॅनेलच्या मागून एक बारीक वायर निघून छतातल्या काड्यापेटीएवढ्या ड्रायव्हरकडे जात होती, आणि दोन्हींच्या मध्ये करंगळीच्या नखाएवढा एक जोड होता, एक टोक दुसऱ्यात खुपसलेला. मामांनी तो ओढून वेगळा केला. आत हिरवं होतं. त्यांनी पिशवीतून ब्लेड काढलं, टोक खरवडलं, फुंकर मारली, पुन्हा घट्ट खुपसलं.

"उचल रे!"

पोराने एमसीबी उचलली. पॅनेल मामांच्या मांडीवर लख्ख पेटलं. मामांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

"या जोडाला काय म्हणतात?" त्यांनी घरमालकाला विचारलं.

"कनेक्टर."

"त्याचं काम काय?"

"म्हणजे... ते टोक धरून ठेवायचं."

"मग?" मामा म्हणाले, आणि चहा कुठाय ते विचारलं.